शीलाच्या हाताचं मीठ

मंगळवार, १ जुलै २०२५

ही वही एका पतपेढीने जानेवारीत सप्रेम भेट दिली होती. पत्रकारांना लोक डायऱ्याच का देतात हे मला तीस वर्षांत उलगडलेलं नाही. सुताराला कोणी करवत भेट देत नाही. सहा महिने ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बसली होती. आज खाली उतरवली, कारण शीलाला पोटाचा कर्करोग आहे आणि ते कुठेतरी लिहायला हवं. बातमी म्हणून लिहिता येत नाही. बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का, एवढं यावं लागतं, आणि यातलं 'का' माझ्याकडे नाही.

बाकीचं आहे. शीला, माझी बायको, वय चौपन्न. डोंबिवली पूर्वेला आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर तिचं पोळी-भाजी केंद्र. बावीस घरांना दुपारचा डबा. मी एका दैनिकाच्या जिल्हा पानाचा बातमीदार: खड्डे, पाणीकपात, सत्कार.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि गोड बोलत नाहीत, म्हणून मला आवडल्या. "आजार जठरातून पोटाच्या आतल्या पडद्यावर गेलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. बरा करणं हा शब्द मी वापरणार नाही. आटोक्यात ठेवणं, हा वापरीन."

"आटोक्यात म्हणजे, यांना ठेवलंय तसं?" शीलाने माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसलो नाही. त्या खोलीत कोणीतरी गंभीर राहायला हवं होतं.

गुरुवार, ३ जुलै

पहिला डोस झाला. औषधं दोन आहेत. एक शिरेतून, दर तीन आठवड्यांनी. दुसरं गोळ्यांचं, चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, मग आठवडाभर सुट्टी.

सलाईन थेंब थेंब उतरत असताना शीलाने विचारलं, "दोन कशाला? एक चांगलं का नाही देत?"

डॉक्टरीणबाई पलीकडच्या खाटेशी होत्या आणि माझ्या समोर प्रश्न अनुत्तरित राहिलेला मला सोसत नाही. मी म्हणालो, "जात्याच्या दोन तळ्या असतात ना, तसं. एक काढून ठेवलीस तर पीठ पडत नाही."

तिला ते पटलं. दोनदा मान हलवली. उपमा बरी जमली होती. कुठेतरी वापरायला हवी.

परिचारिकेने बजावलं: गार पाणी नाही, फ्रीजला हात नाही, गार फरशीवर अनवाणी पाय नाहीत. गार लागलं की हातात, घशात विजेसारखी कळ येते म्हणे. हातापायाला मुंग्या आल्या, बोटं बधिर वाटली, तर लगेच सांगायचं. मी सगळं लिहून घेतलं. लिहून घेणं हा माझा धंदा आहे.

बुधवार, ९ जुलै

फ्रीजखात्याचा कार्यभार माझ्याकडे आला. कोथिंबीर, दूध, खोबरं, जे लागेल ते मी काढायचं, मी ठेवायचं. काल माझं लक्ष नसताना शीलाने माझे पायमोजे हातात घालून फ्रीज उघडला आणि दही काढलं. धुतलेले होते, अशी तिची साक्ष.

डॉक्टरीणबाईंनी झेपेल तेवढं काम करायला परवानगी दिली आहे. त्यामुळे केंद्र सुरू. मानपाड्याची मंजुळा पूर्वी फक्त पोळ्या लाटायला यायची, आता भाज्या चिरणं, फोडण्या, डबे भरणं, पोचवणं, सगळं तिच्याकडे. शीला खुर्चीवर बसून राज्य करते. एकच खातं तिने सोडलेलं नाही. मीठ. "मिठाला हात माझाच लागेल," असं तिने मंजुळेला सांगून टाकलंय.

इथे एक कुळाचार नोंदवतो. शीला शिजवताना चव बघत नाही. पहिलं ताट देवाला जातं, आणि देवाच्या आधी चाखलं की ते उष्टं. तिच्या आईने तिला हे वयाच्या नवव्या वर्षी पळीचा फटका देऊन शिकवलं. चमचा, माप, काही नाही. तीन बोटांच्या चिमटीत किती मीठ आहे ते तिच्या बोटांना कळतं. पंचवीस वर्षांत बावीस घरांतून मिठाची तक्रार आली नाही.

माझे वडील कल्याणच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांनी मला एक न्याय घोकून घेतला होता, स्थालीपुलाकन्याय: भांड्यातलं एक शीत दाबून बघितलं की सगळा भात शिजला की नाही ते कळतं. सगळी पत्रकारिता या एका न्यायावर उभी आहे. शीलाचं म्हणणं, "एक शीत कशाला दाबायचं? भाताला विश्वासात घ्यायचं."

मी न्यायाधीश व्हायला अपात्रच आहे. चार वर्षांपासून रक्तदाब. माझा वाटा मंजुळा मीठ पडण्याआधीच वेगळा काढून ठेवते. मी अळणी माणूस आहे, आणि हे विशेषण केवळ आहारापुरतं आहे असं शीला मानत नाही.

शुक्रवार, २५ जुलै

काल दुसरा डोस. उलट्या. मऊ भाताची अळणी पेज दोन चमचे; तिचं जेवण आता एवढंच. केस गळत नाहीत, या औषधांनी क्वचितच गळतात म्हणे. शीला नाराज दिसली. "एवढं सगळं करायचं आणि दिसणार काही नाही. शेजारच्यांना वाटेल मी आराम करतेय."

शुक्रवार, १५ ऑगस्ट

काल तिसरा डोस. डॉक्टरीणबाईंनी शीलाला विचारलं, "ब्लाउजची हुकं स्वतः लावता येतात?"

मला हा प्रश्न वैद्यकीय वाटला नाही. मी खिडकीबाहेर बघितलं.

"येतात की," शीला म्हणाली.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरी जेवल्या. पुरण मंजुळेने वाटलं. या वर्षी पहिल्यांदा कापसाची वस्त्रं बाजारातून आणली. दर वर्षी शीला आठ दिवस आधीपासून कापूस वळत बसते, इतकी बारीक की मी तिला म्हणतो, देवीला वस्त्र देतेस की जानवं. यंदा म्हणाली, "कंटाळा आला." देवीसमोर कंटाळा आल्याचं कबूल करणारी ही आमच्या घराण्यातली पहिली सून. तसं मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "तुम्ही वळा मग." बाजारच्यांच्या जोडीला मीही दोन वळली. देवीच्या गळ्यात माझी गाठोडी बघून मंजुळा पदरात तोंड लपवून हसली.

आजकाल शीला दिवसभर गाऊनमध्येच असते. फक्त दवाखान्याच्या दिवशी साडी. त्या दिवशी मंजुळा लवकर येते, दोघी आतल्या खोलीत जातात, दार लावतात आणि दहा मिनिटं बाहेर येत नाहीत. माझ्याबद्दलच बोलत असणार.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

चौथा डोस काल, आणि स्कॅनचा निकाल आज. आजार आक्रसलाय. पडद्यावरचे ठिपके लहान झालेत, पोटातलं पाणी जवळजवळ नाही. "हवं तसं चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल आणि श्रीफळ.

बाहेर आल्यावर शीला म्हणाली, "म्हणजे दोन्ही तळ्या बरोबर फिरतायत."

माझी उपमा तिने जपून ठेवली होती. मला बरं वाटलं, हे खरं लिहितो.

शनिवार, १३ सप्टेंबर

एक चमत्कारिक निरीक्षण. आमच्या गल्लीत दह्याची टंचाई आहे. कोपऱ्यावरच्या डेअरीत दुपारी साडेबाराला दही संपतं. मालक म्हणतो, महिन्याभरापूर्वी असं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचा महेंद्र, रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे, एकटा राहतो, आपला डबेकरी, तो आज पाव किलो घेऊन जाताना भेटला. विचारलं, तर म्हणाला, "पोटाला बरं असतं काका." आणि जिन्याने दोन दोन पायऱ्या चढत निघून गेला. तळमजल्यावरच्या जोशीण काकू, समोरचे कांबळे, सगळ्यांच्या हातात दही. लोक आरोग्याबद्दल जागरूक झालेत. चौकटीत छोटी बातमी होईल.

मंजुळासुद्धा प्रयोगशील झाली आहे. आमटी उकळत असताना कणकेचे लिंबाएवढे गोळे सोडते आणि डबे भरायच्या आधी काढून टाकते. मी म्हणालो, वरणफळं करायची तर पातळ लाट. म्हणाली, "आमच्याकडं असंच करत्यात दादा." आणि शीला खुर्चीवरून उठायच्या आत गोळे केराच्या टोपलीत.

डबे मात्र रोज लख्ख रिकामे परत येतात. एक शीत शिल्लक नसतं. तिच्या हाताची चव जराही गेलेली नाही, याला आणखी काय पुरावा हवा? शीलाला तसं सांगितलं. तिने बराच वेळ डब्यांकडे बघितलं. "एकही तक्रार नाही?"

"एकही नाही."

"पूर्वी महेंद्र महिन्यातून एकदा तरी म्हणायचा, भाजीत गूळ जास्त झाला."

"सुधारला तो."

शुक्रवार, २६ सप्टेंबर

काल पाचवा. डॉक्टरीणबाईंनी हुकांचं पुन्हा विचारलं, शीलाने पुन्हा "येतात" सांगितलं. त्या माझ्याकडे वळल्या, "तुम्हाला काही वेगळं जाणवतंय का?" मी म्हणालो, "आळशी झालीय. लसूण मी सोलतो, सुईत दोरा मी ओवतो, सामानाची यादीसुद्धा ही सांगते आणि मी लिहितो." शीलाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. स्तुती समजून मी पुढे बोललो नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

हे नीट लिहायला हवं.

केंद्राला सुट्टी, मंजुळेला सुट्टी. ठाण्याहून लेक संचिता आणि जावई सुशांत जेवायला आले. श्रीखंड विकतचं, पुऱ्या संचिताने तळल्या. मसालेभात आणि आमटी शीलाने हट्टाने स्वतः केली. मंजुळा नसल्यामुळे माझा अळणी वाटा कोणी काढून ठेवला नव्हता. चार वर्षांनी पहिल्यांदा मी घरात सगळ्यांच्या पातेल्यातलं जेवायला बसलो, आणि त्याचा मला गुप्त आनंद होता.

पहिला घास घेतला आणि वाटलं, मिठाची सवय गेल्याने माझी जीभच बिथरली. दुसरा घास. हे मीठ नव्हतं, हे मिठागर होतं.

मी मान वर केली. संचिता तिसरं फुलपात्र पाणी पीत होती. सुशांत भाताच्या प्रत्येक घासाला श्रीखंडाचं बोट लावून गिळत होता. भला माणूस आहे. शीलाने विचारलं, "आमटी वाढू का आणखी?" तर "वाढा ना आई" म्हणाला.

"कशी झालीय?" पेजेची वाटी हातात घेऊन शीला आमच्या तोंडांकडे बघत होती.

"छान," आम्ही तिघं एका सुरात म्हणालो.

त्याच क्षणी मला डेअरी आठवली. मग कणकेचे गोळे. खारट झालेल्या आमटीत माझी आई कणकेचा गोळा टाकायची, तो मीठ ओढून घेतो. हे मला माहीत होतं. मग जिन्याने पळणारा महेंद्र. मग कापसाची वस्त्रं, गाऊन, बंद दाराआडची दहा मिनिटं. या वहीत सगळं आहे, तारीखवार. ओळीने सगळं टिपून बातमी न कळणारा बातमीदार म्हणून माझाच सत्कार व्हायला हवा.

संध्याकाळी सोनं वाटताना राहिलेलंही दिसलं. संचिताने वाकून आईच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे आई." शीलाने तीन बोटांत पान धरलं, आशीर्वाद दिला आणि देवापुढे ठेवायला वळली. पान दारातच गळून पडलं होतं. तिला कळलं नाही. तीन बोटं तशीच मिटलेली, आणि ती मोठ्या सावकाशीने काहीच नसलेलं ते देवापुढे ठेवत होती. ठेवून झाल्यावर तिने खाली बघितलं.

मुलं गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"काय?"

"शीला."

तिने हात गाऊनवरच्या ओढणीखाली घेतले. "गौरींच्या आधीपासून. आधी शेंडे गेले. आता मिठाचं आणि राखेचं सारखंच वाटतं."

"डॉक्टरीणबाई दर वेळी विचारतात."

"म्हणून तर खोटं बोलावं लागलं. न विचारत्या तर नुसतं गप्प बसून भागलं असतं."

"पण का?"

"सांगितलं तर ते औषध काढतील. नर्स पलीकडच्या बाईला सांगत होती." मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "एक तळी काढली की पीठ पडत नाही. तुम्हीच म्हणालात ना."

दारात पडलेलं आपट्याचं पान मी उचलून देवापुढे ठेवलं. 

ती म्हणाली, "आमटी खारट होती का हो?"

"होती."

"किती?"

"सुशांतला तू मुलगी दिलीस ते योग्यच केलंस, इतकी."

ती हसली, आणि हसता हसता ओढणी डोळ्यांना लावली. 

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी मंजुळेला गाठलं. ती कणीक मळायची थांबली नाही.

"मला म्हायती होतं. सांगायचं कोनी? वैनीला सांगितलं असतं तर केंद्राला कुलूप लावून बसली असती. मी सोता गेलेली दादा, बावीसच्या बावीस घरात. म्हनलं, दह्यासंग खावा, वता, काय बी करा, पन डबा मोकळाच धाडा. वैनी डबे मोजती."

"आणि मला?"

"तुमाला सांगितलं असतं तर पेपरात आलं असतं."

सोमवार, ६ ऑक्टोबर

सहावा डोस सोळाला होता, आम्ही आजच गेलो. शीलाने स्वतः सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावरची टाचणी उचलायला लावली. तीनदा निसटली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"जात्याची एक तळी काढली तर..." शीलाने सगळं सांगितलं.

"हे जातं कोणी काढलं?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी वाढवून लिहीत नाही. मग शीलाला म्हणाल्या, "औषधं एकत्र दिली की जास्त चांगली चालतात, खरं आहे. पण शिरेतलं औषध नसा दुखावतं. कधीतरी थांबवायचंच असतं. सहा डोसांच्या आसपास बऱ्याच जणांचं थांबवतोच, आणि गोळ्या चालू ठेवतो. म्हणजे उपचार सोडले असं नाही. तुम्ही मात्र बोटं पणाला लावून बसलात. हा बधिरपणा लगेच नाही जाणार, काही दिवस वाढेलही. मग हळूहळू कमी होईल. पूर्ण जाईल असं वचन देत नाही."

"आणि बाकीचं?" शीलाने विचारलं. "किती दिवस?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. एक आकडा सांगितला, त्याच्या अलीकडचे असतात, पलीकडचेही असतात, हे सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या बाजूला ते मला माहीत नाही. पण जेवढे आहेत तेवढ्यात तुमची हुकं तुम्ही लावावीत, एवढं मला वाटतं."

मी बातमीदार आहे, आकडे चुकवत नाही. हा लिहिलेला नाही.

परतताना शीला म्हणाली, "तुमच्या उपमेपायी माझी बोटं गेली."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता? एवढं ऐकून घेता हे माहीत असतं तर मी आधीच आजारी पडले असते."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

शिरेतलं औषध बंद. गोळ्यांची नवी फेरी सुरू. मला भीती वाटते. एका तळीवर पीठ पडतंय की नाही ते पुढच्या स्कॅनलाच कळणार. शीलाला वाटते का, विचारलं. म्हणाली, "मला रोजच वाटते. तुम्ही नवीन आहात."

मिठावरून तीन दिवस वाद झाला. संचिताने मापाचे चमचे पाठवले, प्लॅस्टिकचे, रंगीत. शीलाने ते बघून परत डब्यात घातले. शेवटी माझ्या मुंजीत मिळालेली चांदीची पळी पुढे आली. शीला म्हणाली, "नाहीतरी वीस वर्षं संध्या करत नाही. बेकार बसलीय." बावीस घरांच्या आमटीला किती पळ्या, हे ठरवायला चाखणं आलं. शीलाने देवापुढे बसून काहीतरी पुटपुटलं. मग म्हणाली, आधी पळीभर देवाला, मग तुम्हाला. मी म्हणालो, डॉक्टर मला मीठ देत नाहीत. "जिभेवर ठेवा आणि थुंका. बातम्या काय, गिळून लिहिता सगळ्या?"

म्हणून सध्या मी डोंबिवलीतला एकमेव मीठ-बातमीदार आहे. मंजुळेने दाराबाहेर उभं राहून स्वतःही चाखून कौल द्यायचं ठरवलंय, कारण माझ्या जिभेवर तिचा विश्वास नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

दुपारी डबे परत आले. एकवीस लख्ख. बाविसाव्यात, महेंद्रच्या, अर्धी वाटी आमटी तशीच आणि झाकणात रेल्वेच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर चिठ्ठी.

मी ती लपवायला निघालो होतो. शीलाने बघितलं. "वाचा."

"काही नाही, असंच."

"वाचा हो."

वाचलं: "काकू, आज आमटीत मीठ कमी होतं. आणि कालच्या भाजीत गूळ जास्त."

शीलाने हात पुढे केला, चिठ्ठी दोन्ही तळव्यांत धरली, बोटांत नाही, आणि स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली.

"बघ," मंजुळेला म्हणाली, "महेंद्र तक्रार करतोय."

"मेला," मंजुळा म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की शीलाला खुर्चीचा हात धरावा लागला. नंतर तिने पेज नको म्हणून सांगितलं. महेंद्रच्या डब्यातली ती उरलेली अर्धी वाटी मागवली, तीन चमचे आमटी सावकाश खाल्ली, आणि म्हणाली, "कमीच आहे. माझ्यासुद्धा लक्षात आलं."

संध्याकाळी उद्याच्या आमटीची तालीम झाली, छोट्या पातेल्यात. दोन पळ्या पडल्यावर शीला म्हणाली, "आता चिमूटभर. तुमच्या हाताने."

मी मीठ घेतलं. तिने माझं मनगट पकडून पातेल्यावर नेलं. बोटांना तिच्या मीठ कळत नाही, पण मनगट कळतं. थोडं हलवलं, थोडं पडलं.

"अजून," ती म्हणाली. मग, "थांबा." मी थांबलो. तिने मनगट सोडलं नाही.